सांगणाऱ्याचं नाव

मुलांनो, एक एसटी डोळ्यांसमोर आणा पाहू. लाल रंग धुळीनं तपकिरी झालेला, खिडकीची काच अर्धीच खाली येणारी, ड्रायव्हरच्या डोक्यावर दसऱ्याला बांधलेली झेंडूची माळ अजून तशीच, वाळलेली. साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. दिवाळी होऊन आठ दिवस झालेत, आणि बाहेर बांधाबांधावर कापलेल्या धानाच्या कडपा पसरल्या आहेत. आता तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, चोवीस वर्षांची एक मुलगी बसवा. तिच्या मांडीवर लांबलचक कागद, हातात लाल पेन्सिल, आणि कपाळावर वाऱ्यानं उडालेली एक बट, जी सावरायला तिला वेळ नाही... दिसली?

ती सुलोचना.

सिहोऱ्याहून तुमसरला ती रोज याच गाडीनं जायची. तुमसरला तांदळाच्या एका गिरणीमागे, दोन खोल्यांत, 'बोडी' नावाच्या त्रैमासिकाची कचेरी होती. शेताच्या उशाशी असतं ते लहानसं तळं म्हणजे बोडी. या भागातली शेती, बोली, सण, झाडपाला यांचा अभ्यास करणाऱ्यांचे लेख त्यात छापून येत. अंक निघायचा अवघा सव्वातीनशे प्रतींचा. पण नागपुरातले प्राध्यापकसुद्धा म्हणायचे, 'बोडी'त छापलं ना, मग ते चोरलेलं नसणार.

सुलोचना छपाईचे कच्चे कागद तपासत होती. इतक्यात शेजारून आवाज आला, "तिसऱ्या ओळीत 'बांध' दोनदा पडला आहे."

तिनं मान वळवली. एक सडपातळ तरुण मांडीवर कापडी थैली धरून, बगळ्यासारखी मान लांब करून तिच्या कागदात पाहत होता.

"दुसऱ्याचं न विचारता वाचणं हीपण चोरीच असते," ती म्हणाली.

"वाचलेलं परत करता येत असतं तं केलं असतं जी. पण 'बांध' दोनदाच आहे."

तिनं पाहिलं. होता दोनदा. तिनं एकावर लाल रेघ मारली आणि आभार काही मानले नाहीत.

मग नाल्याचा उतार आला. गाडी अशी आदळली की त्याच्या थैलीतल्या कागदाच्या पुड्या उडून फुटल्या, आणि धानाचे दाणे सुलोचनाच्या कागदांवर, ओच्यात, बाकाच्या फटीत पसरले.

"गेलं," तो हळूच म्हणाला. "लुचई अन् चिन्नोर, दोन्ही वाण एक झाले." दोन भावांचं मिटवलेलं भांडण डोळ्यांदेखत पुन्हा पेटावं, तसा त्याचा चेहरा झाला. कागदावरचे दाणे तो एकेक करून वेचू लागला. वेचता वेचता हात तिच्या ओच्याशी आला... आणि तिथंच थांबला.

सुलोचनानं ओचा झटकला नाही. दाणे मुठीत गोळा केले आणि त्याच्या ओंजळीत सोडले. "आता कोणता कोणाचा, कसं ओळखाल?"

"वासानं." त्यानं एक दाणा तळहातावर चोळला, हात तिच्यापुढे धरला, आणि आपण काय करून राहिलो हे लक्षात येऊन झटकन मागे घेतला. "म्हणजे... तुम्हीच चोळून पाहा."

तिनं चोळला. ऊन पडलेल्या खळ्याचा आणि दुधाचा मिळून एक वास आला.

त्याचं नाव गोपीचंद लांजेवार. लाखांदूरच्या शाळेत तो मास्तर होता. सुट्टी लागली की गावोगाव फिरून धानाच्या जुन्या वाणांची माहिती गोळा करायचा. त्यावरचा पहिला लेख घेऊन तो 'बोडी'च्या कचेरीत निघाला होता.

"अन् तुम्ही कुठं जाऊन राहिल्या?"

"तिथंच. तुमच्या लेखात चोरी आहे का, ते पाहायले."

त्याला वाटलं, ती थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. तिचं कामच ते होतं.

'बोडी'चे संपादक भय्याजी हे निवृत्त हेडमास्तर. लेख आला की त्यांचे तीन नियम असत. पहिला, लेखकानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं की हा लेख माझा आहे, आणि दुसऱ्याचं जे घेतलं तिथं त्याचं नाव दिलं आहे. दुसरा, ज्यांनी माहिती सांगितली त्यांना कचेरीतून जोडकार्ड जायचं. एका कार्डावर प्रश्न, त्यालाच जोडलेलं दुसरं कार्ड उत्तरासाठी कोरं. 'अमुक गृहस्थ आपल्याकडे आले होते काय? आपण काय सांगितले?' तिसरा नियम सुलोचनाच्या हातात होता. छापलेल्या प्रत्येक लेखातलं एक वाक्य ती कार्डावर उतरवून ठेवायची. साधं वाक्य नाही हं. जे दुसऱ्या कोणाच्या डोक्यातून तसंच निघणार नाही, असं. ही कार्डं एका होमिओपॅथी डॉक्टरच्या जुन्या कपाटात असत. जिथं पूर्वी गोड गोळ्यांच्या बाटल्या होत्या, त्या बारीक खणांत आता वाक्यं होती. नवा लेख आला की ती ते खण उघडून बसायची.

गोपीचंदनं लेख दिला, पण त्याचं मन काही लेखातून निघेना. आठ दिवसांनी तो एक ओळ बदलायला आला. पुढच्या आठवड्यात ती ओळ पुन्हा पहिल्यासारखी करायला आला. येताना पळसाच्या पानात उकडलेले शिंगाडे.

"हे कशासाठी, सर?"

"तळ्याचे आहेत. कचेरीचं नाव बोडी, म्हणून."

"लाच आहे ही."

"मग भय्याजींनापण देतो. दोघांनी खाल्ली तं लाच होत नाही, प्रसाद होते."

भय्याजी आतल्या खोलीतून म्हणाले, "मले काही मिळाला नाही बाप्पा प्रसाद." सुलोचना खाली मान घालून शिंगाडा सोलत राहिली. काळ्या सालीचा डाग दोन दिवस बोटावरून गेला नाही, आणि तिनंही तो फारसा घासला नाही.

डिसेंबर लागला. एका दुपारी तिनं धानाचा खण उघडला. गोपीचंदच्या लेखातलं एक वाक्य तिला फार आवडलं होतं. 'चिन्नोर शिजला की आधी शेजारच्या घराला कळतं, मग आपल्या.' आता लेख छापून येईल तेव्हा हेच वाक्य कार्डावर लिहायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं होतं.

पाचवं कार्ड तिनं उचललं. त्यावर तेच वाक्य होतं. तिच्याच अक्षरात.

अंक एकोणीसशे एकोणसत्तरचा. जुने अंक नोंदवताना कधीतरी तिनंच उतरवलेलं, आणि विसरलेलं. लेखकाचं नाव — भय्याजी.

तिनं जुना अंक काढला, दोन्ही लेख शेजारी ठेवले. एक नाही, दोन नाही... अकरा वाक्यं तीच. तोच क्रम, त्याच उपमा. गिरणी धडधडत होती, आणि सुलोचना दोन कागदांवर दोन हात ठेवून बराच वेळ बसून राहिली. ओच्यातले दाणे, शिंगाडे, ती बगळ्यासारखी मान — हे सगळं एका चोराचं होतं की काय?

गोपीचंद आला तो हसतच. तिनं दोन्ही कागद पुढे सरकवले. त्यानं वाचले. हसू कुठच्या कुठे गेलं.

"मी हा अंक कधी पाहिलाच नाही."

"सगळे असंच म्हणतात, सर."

"मले एका पोरीनं सांगतलं. शकुन नाव आहे, चौथीत आहे. मी लेखाखाली लिहिलं आहे तिचं नाव. कार्ड टाका तिले."

"टाकलं होतं. उत्तर आलं." तिनं कार्ड वाचलं. "'सर आले होते. मी सांगितलं. सरांनी मला रंगीत खडू दिले. बाकी सर्व ठीक.' ... तिनं सांगतलं असेलही. पण शाळेत कोणी हा अंक वाचून दाखवला असेल, अन् पोरीनं पाठ केला असेल, तं? मग हे भय्याजींचंच झालं ना?"

"लेखाचं राहू द्या बाजूले." त्यानं कागद परत तिच्यापुढे ठेवले. "तुम्हाले काय वाटते?"

"मले काय वाटते त्याचं कार्ड नसते, सर."

तो उठून गेला. ती त्याच्याकडे पाहणार नव्हती... पण खिडकीतून फाटकापर्यंत पाहिलंच.

जे कार्डानं उलगडत नाही तिथं पायानं जायचं, अशी 'बोडी'ची रीत होती. सुलोचनानं भय्याजींना म्हटलं, "लाखांदूरकडे एक साक्ष पाहायची आहे. मावशी आहे तिथं, तिच्याकडे राहीन." कोणाची साक्ष, ते सांगायला तिची जीभ उचलली नाही. आणि लाखांदूरच्या शाळेत तिनं दोन ओळींचं कार्ड पाठवलं की रविवारी मी येते आहे.

एसटी थांबली तेव्हा गोपीचंद सायकल धरून उभा होता. सायकलवर बसा, असं म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. चालत जाऊ, असं ती म्हणाली. मग तीन मैल सायकलही त्यांच्यासोबत चालली, दोघांच्या मधून.

शकुनचं गाव चुलबंद नदीच्या काठी होतं. तिच्या बापाच्या, सुखरामच्या खळ्यावर धानाची रास होती, आणि दहा वर्षांची शकुन हातात काडी घेऊन कोंबड्या हाकलत होती. सुलोचना तिच्याजवळ उकिडवी बसली.

"शकुन, सरांना सांगतलं ते मले सांगशील?"

"बसून का उभ्यानं?"

"तुले जसं जमेल तसं."

शकुन उभी राहिली. हात मागे बांधले. डोळे मिटले. आणि एका लयीत सुरू झाली: "लुचई घाईची, वाट पाहत नाही. चिन्नोर शिजला का आधी शेजारच्या घराले कळते, मंग आपल्या..."

सुलोचनानं जुना अंक उघडून मांडीवर धरला होता. दुसरं वाक्य जुळलं. तिसरं जुळलं. प्रत्येक वाक्याबरोबर तिचं बोट छापील ओळीवरून पुढे सरकत गेलं. नऊ... दहा... अकरा. छापलेला मजकूर तिथं संपला. तिनं अंक मिटला. गोपीचंदकडे पाहायचं नाही, असं ठरवलं.

शकुननं श्वास घेतला, आणि ती पुढे बोलू लागली.

"कालीकमोद काळी म्हणून हसू नोको, आतून पांढरी आहे. हिरानखीचा भात जावयाले, अन् पेज बाळंतिणीले..." बारा, तेरा, चौदा. या अंकात नाही, कोणत्याच अंकात नाही असं एकेक वाक्य कणगीतून दाणे ओघळावेत तसं येत राहिलं. सत्ताविसाव्या वाक्याला ती थांबली आणि एका कोंबडीला काडी मारली.

"हे पुढचं... कुठं वाचलंस?"

"वाचलं नाही. आजी म्हणे, निंदण करताना. मी मांगं मांगं म्हणत जाओ."

"आजी कुठं आहे?"

"मेली. मांगच्या संक्रांतीले."

रास झाकत असलेला सुखराम जवळ आला. "मायलेच पुसायले आले होते ना एक जण, बाई. तुमसरकडचे हेडमास्तर. ही पोरगी रांगत होती तेव्हा. आमच्या घरी जेवले. माय सांगत होती, ते लिहून घेत होते. अन् मधीच गाय व्याली. माय उठून गेली. रात झाली म्हणून तेपण गेले. पुन्हा येतो म्हणत... आले नाही."

"आजीचं नाव काय?"

"देवकाबाई."

परतीच्या वाटेवरही सायकल मध्येच होती. सायकलचं मागचं चाक टिकटिक करत होतं. गोपीचंद म्हणाला, "मी लेख मागं घेतो."

"काहून?"

"भय्याजी सत्तरीचे आहेत. या वयात त्यांचं नाव... माझं काय, मी दुसरा लिहीन."

"लोक म्हणतील, चोर होता, पकडला गेला."

"म्हणू द्या. तुम्हाले माहीत आहे ना? मग पुरे मले."

सुलोचना थांबली. जन्मभर ऐकावं असं ते वाक्य होतं, आणि तरीही तिला ते मान्य नव्हतं.

"मले नाही पुरत. अन् देवकाबाईले? तिच्या घरी एक जण जेवून गेला, आता दुसरा मागं सरतो. लेख मागं घेतला तं मी तुमच्याशी बोलणार नाही. कधीच."

"कधीच म्हणजे... साधारण किती दिवस?"

ती रागावलेलीच होती, पण हसू आलं. सायकल तिच्याकडच्या बाजूला जरा कलली, ती तिनं सावरली नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरळ भय्याजींपुढे जाऊन उभी राहिली. याच माणसानं तिला पेन्सिल कशी धरायची ते शिकवलं होतं. मॅट्रिकनंतर घरी बसलेल्या मुलीला ज्यानं कामाला लावलं, त्याच्याचपुढे तिनं जुना अंक उघडून ठेवला.

"लाखांदूरकडे कोणाची साक्ष होती, ते सांगतलं नव्हतं मी," ती म्हणाली. "तुमची होती. देवकाबाई नावाच्या बाईची नात सत्तावीस वाक्यं म्हणते, या अंकात अकराच आहेत."

भय्याजींनी चष्मा लावला. पान वाचलं. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

"गाय व्याली होती," ते म्हणाले. सुलोचनानं तर अजून गायीचं नावही काढलं नव्हतं. "काळी गाय, कपाळावर पांढरा टिळा. चिन्नोराचा भात जेवलो मी त्या घरी, पोरी. पण नाव पुसलं नाही. बाईमाणसाचं काय नाव पुसायचं, असं वाटे तेव्हा. लेखात लिहून टाकलं, 'जुने जाणते सांगतात'."

"अन् जोडकार्डाचा नियम?"

"दोन वर्षांनी केला. दुसऱ्यांसाठी." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बाकीच्यांचं पाहता पाहता आपलं मागचं पान उलटायचं राहून गेलं. आता काय करावं म्हणतेस?"

"मी काय सांगू, भय्याजी..."

"तूच सांगशील. तपासणारी तू आहेस."

सुलोचनानं एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. "खरं ते येत्या अंकाच्या पहिल्या पानावर. तुमच्या सहीनं."

त्यांनी कागद ओढला आणि लिहायला घेतलं. तीन ओळी झाल्यावर मान वर न करताच म्हणाले, "तो मास्तर खरा आहे. त्याचा लेख पूर्ण सत्तावीस वाक्यांचा घे. अन् त्याले सांग, प्रसाद वाटताना म्हाताऱ्यांनाही मोजत जा."

जानेवारीत अंक निघाला. पहिल्या पानावर भय्याजींनी लिहिलं होतं की एकोणसत्तर सालचा तो मजकूर माझा नव्हता, देवकाबाईंचा होता, आणि हे मला तेव्हाच लिहायला हवं होतं. चार वर्गणीदारांनी अंक बंद केला. एका प्राध्यापकांनी खोचक पत्र पाठवलं. भय्याजींनी ते पत्र फाईलला लावलं आणि म्हणाले, "चला, हा अंक टपालानं नाही पाठवायचा."

लाखांदूरहून बैलबंडी केली. बंडीत भय्याजी, हातात अंक. मागे जरा अंतर ठेवून सुलोचना आणि गोपीचंद पायी. धान निघून गेलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, लाखोळीच्या डाळीचं पीक फुललं होतं. निळी फुलं, गुडघ्याच्याही खाली, जिकडे पाहावं तिकडे.

"सुलोचनाबाई..."

"आधी ते बाई काढा. चाळीस वर्षांची वाटते मी."

"सुलोचना." नुसतं नाव घेऊन तो इतका घाबरला की बंडीच्या चाकोरीत अडखळला. "मले एक सांगायचं आहे. कोणाकडून ऐकलेलं नाही, कुठं छापलेलं नाही."

"साक्षीला कोण आहे?"

"कोणीच नाही. शब्द माझेच आहेत, म्हणून धड नाहीत. म्हणजे... तुम्ही त्या दिवशी दोन कागद पुढं केले ना, तेव्हा लेखाचं दुःख झालं, पण ते... तेवढं नाही झालं. तुम्ही पाहत नव्हत्या माझ्याकडे, त्याचं झालं. अन् रस्ता तीन मैलांचा होता, मले वाटलं सहा असता तं... सायकल मधी नसती तं... मले असं म्हणायचं आहे का रोज चालता आलं तुमच्यासंग, तं—"

"यात एक वाक्य सरळ नाही."

"नाही."

"एकपण पुरं झालं नाही."

"नाही झालं."

सुलोचनानं वाकून लाखोळीचं एक फूल खुडलं, उगाचच, हाताला काहीतरी हवं म्हणून. "मग हे नक्कीच तुमचं आहे," ती म्हणाली. "घेतलं मी."

पुढे बंडीतून भय्याजी मोठ्यानं खोकले. खोकला खरा होता की कसा, ते त्यांनी पुढे लग्नातही सांगितलं नाही.

सुखरामच्या अंगणात बाज टाकली. भय्याजी बाजेवर न बसता उभेच राहिले, आणि पहिलं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. सुखराम हात जोडून ऐकत होता. वाचून झाल्यावर भय्याजींनीच हात जोडले, तेव्हा त्याला काय करावं कळेना. मग गोपीचंदच्या लेखाचं शेवटचं पान सुलोचनानं शकुनपुढे धरलं. तिथं छापलं होतं: 'सांगणार — शकुन, इयत्ता चौथी. तिला सांगणारी — तिची आजी, देवकाबाई.'

शकुननं त्यावरून बोट फिरवत दोनदा वाचलं. स्वतःच्या नावावर बोट जरा जास्त वेळ थांबलं. सगळ्यांना वाटलं, आता ही हसेल, नाहीतर अंक घेऊन मैत्रिणींकडे पळेल.

तिनं मान वर केली. "अन् आजीले कोणं सांगतलं?"

सुखरामनं भय्याजींकडे पाहिलं. भय्याजींनी सुलोचनाकडे, सुलोचनानं गोपीचंदकडे. कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

शकुननं थोडी वाट पाहिली. मग ती घरात गेली, दप्तरातून वही आणि पेन्सिलीचा तुकडा घेऊन बाहेर आली. नदीकडच्या आळीत पार्वताबाई राहायची. नव्वदीची, बहिरी, आणि शकुनच्या आजीच्याच माहेरची. मोठी माणसं अंगणात उभीच होती. शकुननं वहीचं मागचं कोरं पान उघडलं, वर 'सांगणार' असं लिहून पुढे नावापुरती जागा सोडली, आणि त्या आळीकडे चालू लागली.